वरून, मधून, तळातून

रोहा, ७ जानेवारी

आदेश,

वर ‘तीर्थरूप’ लिहायचे राहून गेलेले नाही. ‘दादा’ही मुद्दामच लिहिलेले नाही.

तुझा निरोप वैशाली वहिनींनी फोनवर सांगितला. पनवेलच्या सोसायटीला माझ्या सहीचा कागद हवा आहे. गेल्या गणपतीनंतर मी केलेली चाचणी चुकीची होती आणि आपल्या कारखान्यातली मूर्ती शाडूचीच होती, असे मी लिहून द्यायचे. होळीच्या आत तो कागद गेला, तर सोसायटीतल्या सगळ्या घरांचे गणपती यंदाही आपल्याकडे. नाहीतर ते दुसरीकडे जाणार, आणि ते गेले की बाकीचेही जाणार. वहिनी म्हणाल्या, “भावजी, एक कागद तर लिहायचाय. तुमचं अक्षर पण चांगलं आहे.”

अक्षर चांगले आहे म्हणून खोटे लिहू का? मी सही करणार नाही. वहिनींना हे फोनवर बोललो नाही, कारण यात त्यांचा काही दोष नाही. तुला फोन करता येत नाही, कारण तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. म्हणून पत्र. रजिस्टर करून पाठवत आहे, म्हणजे नंतर ‘मिळालेच नाही’ म्हणता येणार नाही.

तू गावभर काय सांगतोस ते माझ्या कानावर येते. निकेशने बापाचा कारखाना बुडवला. म्हणून काय झाले ते एकदा नीट लिहितो.

विसर्जनानंतर त्या सोसायटीचा सेक्रेटरी अमोल मला भेटायला रोह्याला कंपनीच्या गेटवर आला. त्यांचा गणपती इमारतीच्या आवारातल्या पिंपात विसर्जित केला होता. शाडूची मूर्ती पाण्यात रात्रभरात बसते, सकाळी नुसता चिखल उरतो. त्यांच्या पिंपात चिखलाबरोबर कडक तुकडे उरले, ते दोन दिवस गेले तरी तसेच. त्यातला एक तुकडा तो कागदात गुंडाळून घेऊन आला होता. “तुम्ही लॅबमध्ये आहात ना? बघा जरा. बाहेर कुठे दिला तर उगाच बोभाटा होईल.”

मी तो तुकडा कुटला, पातळ आम्लात उकळला, गाळला, आणि त्या स्वच्छ पाण्यात बेरियम क्लोराईडचे थेंब टाकले. माझ्या नळीत दुधासारखे पांढरे झाले आणि हळूहळू तळाला बसले. शाडू असती तर पाणी होते तसे राहिले असते. पांढरे झाले म्हणजे सल्फेट आहे, आणि मूर्तीत सल्फेट येते ते प्लास्टरमधून. ज्या कारखान्याच्या पाटीवर बाबांनी स्वतःच्या हाताने ‘येथे फक्त शाडू, प्लास्टरला उंबरा बंद’ असे रंगवले आहे, त्या कारखान्यातली ही मूर्ती.

सोसायटीवाले जाब विचारायला आले तेव्हा मीही घरी होतो. तू बाबांच्या समोर हातात कोरणी धरून शपथ घेतलीस की मातीत चिमूटभरसुद्धा प्लास्टर घातलेले नाही. मी म्हणालो, “घातले आहे. मी स्वतः तपासले आहे.” तू चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवलीस. “चालता हो इथून. कंपनीत बाटल्या धुतोस ना, त्याच धू जाऊन.” बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. बाबांनी आयुष्यभर जी गोष्ट उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, ती तू त्यांच्या पाठीमागे मातीत कालवलीस. माती लवकर वाळावी, वाटेत तुटू नये, म्हणून. आणि मार मी खाल्ला.

सही हवी असेल तर आधी पाटीवरची ती ओळ खरवडून काढ. बाबांचे नाव तिच्या खाली आहे.

निकेश


रोहा, १९ जानेवारी

आदेश,

काल तू दुसऱ्या कोणाच्या तरी नंबरवरून फोन केलास. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तुझ्या प्रत्येक वाक्याचे उत्तर इथे देतो.

“हॅलो, रसायनशास्त्रज्ञ आहेत का घरी? बारावी नापास रसायनशास्त्रज्ञ?”

मी नापास नाही. परीक्षेला बसलोच नाही. त्याच वर्षी बाबांच्या हाताला कंप सुटला आणि कारखान्यात माणसे कमी पडली. तेव्हा तूच म्हणाला होतास, “परीक्षा काय, पुढच्या सालीपण असते.” पुढच्या साली तू लग्न केलेस आणि मांडवाचे काम मला लावलेस.

“टपालाने पत्र पाठवतोस? शुद्धलेखन दाखवायला?”

हो. माझ्या लिहिण्यात तुला एक चूक दाखवता येत नाही, हे तुला सलते.

“तुझी मॅडम तुला काचा धुवायला ठेवते, आणि तू घरी येऊन आम्हाला शिकवतोस.”

सुरभी मॅडम एम.एस्सी. आहेत. लॅबमध्ये मी काचसामान धुतो आणि गोण्यांमधून सॅम्पल काढून आणतो, हे खरे. पण सल्फेटची चाचणी मी मॅडमना इतक्या वेळा करताना पाहिली आहे की ती मला झोपेतही येईल. त्या दिवशीही त्यांना विचारूनच थेंब घेतले होते. चोरून नाही.

“सोसायटी गेली तर खायचं काय, तुझं बेरियम?”

कालवताना हा विचार तूच करायला हवा होतास.

शेवटी मी म्हणालो की बाबांना सगळे सांगायला हवे, तेव्हा तुझा आवाज एकदम खाली आला. “निक्या, बाबांसमोर ह्यातला चकार शब्द काढलास तर तंगडं मोडीन.” लहानपणापासून तू माझी तंगडी किती वेळा मोडणार होतास, मी मोजलेले नाही. पण या वेळी तू घाबरला होतास. घाबरायलाच हवे. सोंड, डोळे आणि बोटांसकट हात, हे तीन भाग बाबा अजून दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. अशा माणसाला कळले की मुलाने माती बाटवली, तर ते कोरणी पुन्हा हातात धरणार नाहीत. तू त्यांना नाही, स्वतःला वाचवतो आहेस.

निकेश


रोहा, २ फेब्रुवारी

आदेश,

हे पत्र वाचून माझी काही चूक झाली, असा अर्थ काढू नकोस. मी फक्त एक गोष्ट मागतो आहे.

गेल्या आठवड्यात कंपनीत कच्च्या मालाच्या गोण्या आल्या. मी सॅम्पल काढून मॅडमच्या टेबलावर ठेवला. लेबलवर तारीख, गोणीचा नंबर, माझी सही, सगळे व्यवस्थित. मॅडमनी बाटली हातात घेतली.

“निकेश, हा सॅम्पल कुठून घेतलास?”

“गोणीतून, मॅडम.”

“गोणीच्या कुठून?”

“वरून.”

“मग तळाशी काय आहे ते मला स्वप्नात दिसणार का? किती वेळा सांगितलं? वरून, मधून, तळातून. एका चमच्यावर अख्ख्या गोणीची परीक्षा घेऊ नकोस. गोणीवर अन्याय होतो.”

मी परत गोदामात गेलो आणि लांब नळी खुपसून तिन्ही ठिकाणचा माल काढून आणला. मॅडम विसरूनही गेल्या. मी विसरलो नाही. खोलीवर आल्यावर ट्रंकेतून अमोलने तुकडा गुंडाळून आणलेला तो कागद काढला. तो मी जपून ठेवला आहे. त्यावर मी तारीख लिहिली आहे, सोसायटीचे नाव लिहिले आहे, अमोलचे नाव, माझे नाव. तुकडा मूर्तीच्या कोणत्या भागाचा, ते लिहिलेले नाही. मी अमोलला विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारले, तर तो म्हणाला, “आता काय आठवणार? पिंपात हात घातला, जे लागलं ते आणलं.”

यामुळे तू निर्दोष ठरत नाहीस. प्लास्टर होते ते होतेच. पण मला काम पुरे करायचे आहे. गेल्या हंगामातली न विकलेली एखादी मूर्ती माळ्यावर असेलच. रंग न दिलेली चालेल, नव्हे, तशीच हवी. ती पाठव. मी मुकुट, पोट आणि बैठक, अशा तीन ठिकाणी तपासीन. तिन्ही ठिकाणी पांढरे आले, तर सोसायटीला मी स्वतः पत्र लिहीन, आणि ते तुला हवे तसे नसेल.

पाठवली नाहीस, तर का पाठवली नाहीस, ते मला कळले असे समजेन.

निकेश


रोहा, १४ फेब्रुवारी

आदेश,

मूर्ती मिळाली. टेम्पोवाला सुजय गवत भरलेल्या खोक्यात घालून घेऊन आला. म्हणाला, “तुझ्या भावाने दिलाय. बोलला, सांग त्याला, कर तुझं रसायन. आणि सांभाळून घे रे, हात वाटेतच तुटलेत.”

काशीबाईंनी, म्हणजे माझ्या घरमालकिणीने, खोके उघडताना बघितले आणि पदर तोंडाला लावला. “हे काय रे निकेश, चारी हात नाहीत देवाला?” मी म्हणालो, अजून देव झालेला नाही, नुसती माती आहे. पण मलाही ते बघवले नाही. मी खोके कॉटखाली सरकवले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत चाचणी केली. आधी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर करून बघितली, म्हणजे बाटलीतच काही गडबड नाही ना, याची खात्री झाली. मग मुकुटातून खोलवर काढलेली माती, पोटातली, बैठकीतली. तिन्ही नळ्या एका रांगेत ठेवल्या. थेंब टाकले. पाणी स्वच्छ. तिन्ही नळ्यांत स्वच्छ. मी वाट बघत बसलो, सुट्टी संपली, तरी स्वच्छच. मॅडम जाता जाता म्हणाल्या, “काही नाही त्यात. कशाला डोळे फाडतोस?”

तू आता हसत असशील. थांब.

तू चांगली मूर्ती निवडून पाठवलीस, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा आले. मग मी संध्याकाळी खोके पुन्हा बाहेर ओढले आणि हात जिथे तुटले होते ती जागा खिडकीत उजेडाला धरून पाहिली. आदेश, मी त्याच कारखान्यात वाढलो आहे. वाळलेली शाडू तुटते तेव्हा खडबडीत तुटते, काथ्याचे केस बाहेर येतात, कडेचा टवका उडतो. हे हात तसे तुटलेले नाहीत. चारही खांदे सपाट आहेत. करवतीच्या पात्याचे ओरखडे अगदी सरळ दिसतात. हात वाटेत तुटले नाहीत. तू कापलेस.

देवाचे हात कापताना तुला काही वाटले नाही का? मला का पाठवलास हा थोटा गणपती? मला धमकी म्हणून? तसे असेल तर हे लक्षात ठेव, मी असल्या गोष्टींना घाबरत नाही.

निकेश


रोहा, १५ फेब्रुवारी

आदेश,

काल रात्रीपर्यंत मला समजले नव्हते. आज रविवार असूनही मी कंपनीत गेलो. जनरल शिफ्ट नव्हती, वॉचमन ओळखीचा आहे.

डाव्या खांद्याच्या कापलेल्या तोंडावर चिमटीभर पांढरी भुकटी राहिली होती. तू पुसलीस, पण ओल्या फडक्याने पुसलीस, ती खाचेत जाऊन बसली. मी ती ब्लेडने काढली.

नळी दुधासारखी झाली.

हात कोणी केले, ते मी तुला विचारत नाही. आपल्या घरात हात आणि बोटे कोण करते ते मला माहीत आहे.

निकेश


रोहा, २३ फेब्रुवारी

आदेश,

काल तू रंग आणायला पेणला गेला होतास, तेव्हा मी घरी येऊन गेलो. वहिनींनी तुला सांगितले नसेल. त्यांच्यावर ओरडू नकोस. मीच सांगितले होते, सांगू नका.

जिते स्टेशनला उतरून मागच्या वाटेने आलो, हौदाच्या बाजूने. बाबा पडवीत त्यांच्या जागी बसले होते, पाठमोरे. पायांचा आवाज आला तसे त्यांनी ओले पोते ओढून पुढ्यातले सगळे झाकले. त्यांच्या हाताला एवढा कंप आहे, पण पोते ओढताना हात सुरीसारखा गेला.

“कोन? आद्या?”

“मी, बाबा. निकेश.”

“हां. साहेब. आलास? कंपनीला सुट्टी?”

“रविवार आहे.”

“रविवार व्हय. आम्हाला कुठला रविवार.”

मी त्यांच्या शेजारी बसायला म्हणून त्या पोत्यावर हात टेकला. पोते गरम होते. सावली, ओले गोणपाट, आणि खाली चुलीवरून भांडे उतरवावे तसे गरम. मी हात उचलला नाही. प्लास्टर पाणी पिऊन घट्ट होते तेव्हा गरम होते, हे मॅडमनी मला शिकवलेले आहे. प्लास्टरमधून पाणी काढून घेतलेले असते, ते परत मिळाले की आधी काढताना दिलेली आच ते बाहेर टाकते. चिखल कधी गरम होत नाही.

बाबांनी माझा हात पाहिला. मी बाबांकडे पाहिले नाही.

मग ते स्वतःच बोलले, तेही रस्त्याकडे बघून. “त्या सोसायटीवाल्यांचा गनपती इरघळला नाय म्हनतात. काय कालवलान रं आद्यान त्या मातीत? तू तपासलंस ना? मला सांग. तुझं शिक्षान झालंय.”

आदेश, त्यांना माहीत आहे. त्यांना सगळे माहीत आहे, आणि ते माझ्या तोंडून तुझे नाव ऐकायला बसले होते. मी ते नाव घेतले असते, तर त्यांना त्या रात्री झोप लागली असती. आणि मी आजवर तेच तर करत होतो, चारचौघांत, छाती पुढे काढून.

मी म्हणालो, “मातीत काही नाही, बाबा. माती चांगली आहे.”

मग बाबा म्हणाले, “भायेरची पाटी वाचलीस?”

“वाचली.”

“रंग उडालाय. आद्याला बोललो, परत मार. तो मारत नाय.” आणि लगेच आत बघून, “वैशाली, ह्याला चाय दे गो. एवढ्या लांबून आलाय.”

ते हात धुवायला हौदाकडे गेले तेव्हा मी पोते वर केले. जुन्या चांगल्या दिवसांतल्या हातांवरून घेतलेले छोटे साचे, ॲल्युमिनियमची वाटी, कानस, आणि दोन वाळलेली बोटे. मी सगळे बघितले आणि मला कळले ते का करतात. ओल्या मातीला कंप लागला की बोट वाकते, मग नीट करायला जावे तर आणखी वाकते. प्लास्टर वाकत नाही. घट्ट झाल्यावर कानशीने घासले तर हात थरथरला तरी चालते, बोट जागचे हलत नाही. फार सुंदर बोटे आहेत. त्यातले एक मी खिशात घातले. पुरावा म्हणून घातले, हे लपवत नाही.

चहा देताना वहिनी मागच्या दाराशी हळूच बोलल्या. प्लास्टरची पुडी तू आणतोस. बाबांच्या पाटाखाली ठेवतोस. संपली की नवी ठेवतोस. तुम्ही दोघे त्यावर कधी एक शब्द बोलला नाहीत. मोडलेली मूर्ती हौदात भिजायला टाकायची वेळ आली की तू आधी हात वेगळे काढतोस, आणि राहिलेले खडे पहाटे चाळणीने गाळून खाडीवर नेऊन टाकतोस, म्हणजे बाबांनी माती मळताना ते त्यांच्या बोटांना लागू नयेत. “आपल्याच हातचं आपल्याला टोचेल ना, म्हणून,” असे वहिनी म्हणाल्या. “ह्यांना कुणाला सांगता येत नाही, भावजी. आणि तुम्ही तर…” मी काय, ते मला ठाऊक आहे.

आता माझे ऐक. तुला वाटत असेल की हे कळल्यावर मी तुझ्या पाया पडेन. मुळीच नाही. माझा राग आधी होता त्याहून जास्त आहे. तू मला एका वाक्यात सांगू शकला असतास. कानाखाली मारायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा कमी वेळ लागला असता. मी लहान, मला पोटात ठेवता येणार नाही, असे तू ठरवलेस. मी कारखान्यातला नाही, असेही ठरवलेस. बाबांचा कंप सुरू झाला तेव्हा पुस्तके कोणी बंद केली होती? एवढे महिने मी तुला लबाड समजून जगलो. ते तू होऊ दिलेस. मोठेपणा घ्यायचा म्हणून. त्यातही वाटा दिला नाहीस.

आणि शेवटी सांगितलेस ते कसे? देवाचे हात कापून, खोक्यात घालून.

निकेश


रोहा, १ मार्च

आदेश,

होळी परवा आहे. टपाल वेळेत पोचणार नाही, म्हणून हे सुजयच्या हाती देतो आहे. कागद सोबत आहे. अमोलला दे. पाठवण्याआधी तू वाचशीलच, म्हणून इथेही उतरवतो:

‘मी, निकेश जनू भोईर, लिहून देतो की माझे मोठे बंधू श्री. आदेश यांच्या कारखान्यातील मूर्तीच्या एका तुकड्याची चाचणी मी मागील गणेशोत्सवानंतर केली होती. तो तुकडा मूर्तीच्या कोणत्या भागातील होता, याची नोंद मी ठेवली नव्हती. एका तुकड्यावरून संपूर्ण मूर्तीविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे होते. त्यानंतर मी त्याच कारखान्यातील मूर्तीच्या मुकुटातून, पोटातून व बैठकीतून माती घेऊन पुन्हा चाचणी केली. तिन्ही ठिकाणी प्लास्टर आढळले नाही. माझ्या घाईमुळे सोसायटीला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.’

यातले एकही वाक्य खोटे नाही. मी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. सगळी मिळून मात्र खोटी आहेत. हे मी तुझ्याकडूनच शिकलो. तूही शपथ घेतलीस ती मातीची घेतलीस, हातांची नाही. ‘मोठे बंधू’ लिहावे लागले, कारण तिथे दुसरे काही बसत नव्हते.

असे लिहायला लागेल, असे मला कधी वाटले नव्हते. लॅबमध्ये एक आकडा इकडचा तिकडे झाला तरी मला जेवण जात नाही. तू मला या कामाला लावलेस, ते मी विसरणार नाही. कानाखालचेही विसरलेलो नाही. ते वेगळे आहे, त्याचे नंतर बघू.

आता जे करायचे ते लिहितो. यात वाद घालू नकोस.

सोसायटीच्या एकाही मूर्तीला बाबांचे हात लावायचे नाहीत. यंदा पुन्हा त्यांच्या पिंपात काही राहिले, तर माझ्या सहीला कोणी विचारणार नाही, आणि या वेळी ते दुसऱ्या लॅबमध्ये जातील. ते हात मी करीन, शाडूचे. रविवारी येत जाईन. बोटे मला बाबांसारखी जमणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो, पण माझा हात थरथरत नाही. मला त्यांच्या शेजारी बसायला जागा कर. तुझ्या शेजारी नको. ते विचारतील, हा इथे कशाला. सांग, कंपनीने ओव्हरटाईम बंद केला आहे.

त्यांची पुडी बंद करू नकोस. पाटाखाली ठेवत जा, पहिल्यासारखी. त्यांनी केलेले हात आपल्या घरच्या गणपतीला लावू. सोसायटीच्या मूर्तींना आपले हात लागले नाहीत, हे त्यांना कळू नये, एवढे तू सांभाळ. तू सांभाळण्यात हुशार आहेस.

घरच्या गणपतीचे विसर्जन आपल्याच पिंपात होते, आणि त्या पिंपात काय घालायचे ते मला ठाऊक आहे. मॅडमना विचारले. अमोनियम बायकार्बोनेट. बेकरीवाले बिस्किटे फुगवायला वापरतात तेच, सोपे आहे, मिळते. त्याच्या पाण्यात प्लास्टर टाकले आणि रोज ढवळले की ते हळूहळू फुटते. खडूसारखा गाळ खाली बसतो, आणि वर राहते ते खताचे पाणी. प्लास्टरची माती होत नाही, असे बाबा नेहमी म्हणायचे. माती होत नाही, हे खरेच आहे. पण काहीतरी होते.

मी आधी स्वतः करून पाहिले. जे बोट मी खिशात घालून आणले होते, ते एका बरणीत त्या पाण्यात टाकले आणि खिडकीत ठेवले. पहिल्याच संध्याकाळी बुडबुडे येऊ लागले. वास मात्र जबरदस्त सुटला. काशीबाई दारात येऊन म्हणाल्या, “गोठा केलायस का खोलीचा? काय उकळतोस?” मी म्हणालो, अभ्यास आहे. त्या म्हणाल्या, “परीक्षा कधी आहे? लवकर होऊ दे बाबा.” रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी काडीने ढवळत होतो. आधी नख गेले. बाबांनी नखसुद्धा कोरले होते, अगदी अर्ध्या चंद्रासारखे. मग पेरे गेली. काल काडी फिरवली तर काडीला काहीच लागले नाही.

वरचे पाणी काशीबाईंच्या जास्वंदीला घातले. गाळ वाळवून कागदात बांधला आहे. त्या कागदावर मी तारीख, नाव, काहीही लिहिलेले नाही.

निकेश

ता. क. माझा नंबर ब्लॉकच राहू दे. रविवारी कोणत्या गाडीने येतो ते वहिनींना कळवीन. स्टेशनवर येऊ नकोस. आलास तर लांब उभा राहा.